म्युनिकहून नॉयश्वानस्टाइन, आई-बाबांसह : आधी वाड्याची वेळ, मग गाडी

पत्र : आम्ही दोघं म्युनिकमध्ये नोकरी करतो, मुलगा ८ वर्षांचा आहे. मे अखेरीस कोल्हापूरहून माझे आई-बाबा येत आहेत. त्यांना रेल्वेनं नॉयश्वानस्टाइनच्या डोंगरावरच्या राजवाड्याला न्यायचं आहे. बाबांचे गुडघे दुखतात, आईला चालण्याचा त्रास नाही. आमच्या दोघांकडे डॉइचलँड-टिकेट, म्हणजे देशभरच्या प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास आहे. आई-बाबांचं आणि मुलाचं तिकीट कोणतं काढावं? सकाळी किती वाजता निघावं? आणि त्याच दिवशी लिंडरहोफचा राजवाडाही उरकता येईल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं. लिंडरहोफ त्या दिवशी नको. नकाशावर दोन्ही जागा जवळ दिसतात, पण मध्ये डोंगर आहे. नॉयश्वानस्टाइनकडे जाणारी रेल्वे जवळच्या फ्युसेन गावालाच संपते. तिथून लिंडरहोफला जायचं तर बस बदलत जावं लागतं आणि त्या बसेस मोजक्याच असतात. बसगाड्या भरून पर्यटक नेणाऱ्या सहलींत दोन्ही वाडे एका दिवसात होतात, कारण त्यांची गाडी दारात उभी असते. रेल्वेनं जाणाऱ्यानं तो हिशेब स्वतःला लावू नये. लिंडरहोफसाठी ओबरआमरगाऊमार्गे वेगळा दिवस ठेवा.

आता दिवसाची मांडणी. बहुतेकजण आधी गाडी बघतात आणि मग वाड्याचं तिकीट काढायला जातात. इथे क्रम उलटा हवा. म्युनिक ते फ्युसेन ही प्रादेशिक गाडी आहे. तिच्यात आरक्षण नसतं, जागांचा कोटा नसतो, आणि तिकीट महिनाभर आधी काढलं काय किंवा त्याच सकाळी काढलं काय, भाव तोच. वाड्याचं तसं नाही. नॉयश्वानस्टाइनमध्ये मोकळं फिरता येत नाही, ठरलेल्या मिनिटाला ठरलेल्या गटाबरोबरच आत सोडतात. त्या दिवसाच्या जागा संपल्या की संपल्या. मे-जूनमध्ये साधारण दोन आठवडे बव्हेरियात शाळांना सुट्टी असते, त्या काळात दोन-तीन आठवडे आधी तिकीट काढलेलं बरं. ते वाड्याच्या पायथ्याच्या होहेनश्वानगाऊ गावातल्या अधिकृत तिकीट सेंटरच्या संकेतस्थळावरूनच काढा. शोधयंत्रात वर दिसणारी बरीच पानं मध्यस्थांची असतात आणि तेच तिकीट चढ्या भावानं विकतात. प्रौढाला साधारण २० युरो आणि वर थोडं आरक्षण शुल्क पडतं. ६५ वर्षांवरच्यांना किंचित सवलत आहे, त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, पण म्हणून मुलाला यादीतून वगळू नका. त्याच्या नावानंही त्याच वेळेचं तिकीट लागतं, नाहीतर दारात चार तिकिटं आणि पाच माणसं अशी अडचण होते.

पण तिकीट काढण्याआधी बाबांशी नीट बोलून घ्या. आतल्या फेरीत १६५ पायऱ्या चढायच्या आणि १८१ उतरायच्या असतात. एका मजल्याला १८-२० पायऱ्या धरल्या तर आठ-नऊ मजले चढल्यासारखं झालं. सगळ्या सलग नसतात, पण फेरी जेमतेम अर्ध्या तासाची असते आणि मागून पुढचा गट येत असतो, त्यामुळे मधे बसून दम खायला वाव नाही. घरी तीन-चार मजले न थांबता चढता-उतरता येत असतील तर हरकत नाही. तेवढं जमत नसेल तर भिडेखातर तिकीट काढू नका. खाली आल्प्झे तळ्याच्या काठी बव्हेरियन राजांचं संग्रहालय आहे. तिथे चढ नाही, आणि तळ्याकाठच्या बाकावर बसून डोंगर आणि तळं निवांत बघता येतं. आई-बाबा तिथे दीड-दोन तास आरामात घालवतील, तुम्ही तिघं वर जाऊन या. बाहेरून जे दिसतं त्यापुढे आतलं काही नाही असं आम्ही म्हणणार नाही, गवयांचं दालन आणि सिंहासनाविना राहिलेलं सिंहासनगृह बघण्यासारखंच आहे. पण त्या वाड्याची खरी जादू डोंगर, दरी आणि भिंती एकत्र दिसतात तेव्हाच असते, आणि ते बघायला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

बाबांना आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. आपण याला किल्ला म्हणतो खरं, पण पन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या माणसाला हा वेगळाच वाटेल. इथे कधी लढाई झाली नाही. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजानं १८६९ मध्ये बांधायला घेतला तेव्हा तोफांचा आणि तटबंदीचा काळ मागे पडला होता. रूप मध्ययुगीन, पण आत नळाचं पाणी आणि गरम हवेची सोय होती. राजा १८८६ च्या जूनमध्ये गेला तेव्हा बांधकाम अर्धवटच होतं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच वाडा तिकीट लावून लोकांना खुला केला गेला. २०२५ मध्ये लुडविगच्या वाड्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. शिवाय पन्हाळ्याला गाडी थेट वर जाते, इथे जात नाही.

आता तिकिटांकडे वळू. तुमच्या दोघांचं डॉइचलँड-टिकेट फ्युसेनपर्यंतच्या प्रादेशिक गाडीला चालतं आणि पुढच्या बसलाही. आई-बाबांसाठी बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरिया राज्यात एक दिवस चालणारं तिकीट काढा, दोन माणसांचं. पहिल्या माणसाचा एक भाव आणि पुढच्या प्रत्येकाला थोडी भर, अशी त्याची रचना आहे, पाच माणसांपर्यंत. दोघांचे मिळून ४० ते ४५ युरोच्या घरात होतात. तुम्ही दोघं त्या तिकिटात मोजले जाणार नाही, म्हणून चुकून 'चार जण' निवडू नका. इथे बरेचजण पैसे वाया घालवतात.

मुलाचा मुद्दा मात्र बारकाईनं बघा. डॉइचलँड-टिकेट ज्याचं त्याचंच असतं, त्यावर ६ वर्षांपुढचं मूल फुकट नेता येत नाही. म्हणजे तुमच्या तिकिटावर तुमचा ८ वर्षांचा मुलगा जाऊ शकत नाही. पण बायर्न-टिकेटवर आजी-आजोबा आपल्या १४ वर्षांपर्यंतच्या नातवाला वेगळे पैसे न देता नेऊ शकतात. तेव्हा त्या दिवशी तो कागदोपत्री आजी-आजोबांबरोबर प्रवास करतोय. तपासनीस आला की तिकीट बाबांनी दाखवावं आणि नातवाला शेजारी बसवावं. तुम्ही तिघं एका डब्यात आणि आई-बाबा दुसऱ्या डब्यात अशी बसण्याची वेळ आली तर मुलगा त्यांच्याकडे द्या.

बायर्न-टिकेटवर प्रवाशांची नावं लिहिणं बंधनकारक आहे. यंत्रातून छापील तिकीट काढलं तर त्यावर नावांसाठी रेघा असतात, तिथे पेनानं पासपोर्टवरचं नाव लिहायचं. म्हणून खिशात पेन ठेवाच. फलाटावर पेन मिळत नाही आणि कोऱ्या रेघांचं तिकीट तपासनिसाच्या हातात पडलं तर ते अवैध धरता येतं. विनातिकीट प्रवासाचा दंड माणशी ६० युरो आहे. तिकीट मोबाइलच्या ॲपवर काढलं तर नाव आधीच भरून घेतात. तरीही आई-बाबांचे मूळ पासपोर्ट जवळ हवेत, छायाप्रती नव्हे.

आई-बाबा किती दिवस राहणार ते तुम्ही लिहिलेलं नाही. पूर्ण कॅलेंडर महिना राहून तीन-चार सहली करणार असतील, तर त्यांच्यासाठीही डॉइचलँड-टिकेटचा विचार करा. २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरो आहे आणि त्यात शहरातली रोजची ये-जाही भागते. फक्त ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. ज्या महिन्याअखेरीस बंद करायचं, त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं. ते विसरलं तर आई-बाबा कोल्हापुरात पोचल्यावरही खात्यातून पैसे कापले जातील. आणि मग मुलाचं तिकीट वेगळं काढावं लागेल, हेही धरा.

बायर्न-टिकेटची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सकाळी ९ ची अट. सोमवार ते शुक्रवार ते ९ वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत चालतं, शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला मध्यरात्रीपासून. हे तिकीट म्युनिकच्या यू-बान (भुयारी रेल्वे), एस-बान (उपनगरी रेल्वे), ट्राम आणि बसलाही चालतं, पण ९ ची अट तिथेही लागू आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. फ्युसेनची गाडी ९ नंतरची पकडली म्हणून निश्चिंत राहतात, आणि ती पकडायला घरून पावणेनऊला यू-बानमध्ये बसतात. त्या पंधरा-वीस मिनिटांत आई-बाबा विनातिकीट ठरतात. त्यावर उपाय दोन. एक तर त्या तुकड्यासाठी शहराचं साधं एकेरी तिकीट काढा, मुलाचं लहानांचं वेगळं. नाहीतर घरूनच ९ नंतर निघा आणि दहाच्या आसपासची गाडी धरा. बाबांना सकाळी घाई नको, म्हणून आम्ही दुसरा उपाय सुचवू.

मग सरळ शनिवारी का जाऊ नये? कारण मे-जूनच्या शनिवार-रविवारी याच तिकिटावर अर्धं म्युनिक डोंगराकडे निघतं. सकाळच्या गाडीत सायकली, बाळगाड्या, पाठपिशव्या यांनी दारापर्यंत जागा भरते आणि दोन तास उभं राहायची वेळ येते. गुडघेदुखीच्या माणसाला तेच पुरे होईल. तुम्हाला रजा मिळत असेल तर मंगळवार-बुधवार निवडा.

समजा दहाच्या आसपासची गाडी धरली. फ्युसेनला साधारण दोन तास लागतात. काही गाड्या थेट जातात, काहींना बुखलोए किंवा काउफबॉयरेनला बदलावं लागतं. तुम्ही थेट गाडीच निवडा. ॲपमध्ये फक्त प्रादेशिक गाड्यांची चाळणी लावायला विसरू नका, नाहीतर पहिल्या तुकड्यासाठी एखादी जलद गाडी सुचवली जाते आणि तिच्यात ही दोन्ही तिकिटं चालत नाहीत. बारा-सव्वाबाराला फ्युसेन. स्टेशनच्या दारातच ७३ आणि ७८ क्रमांकाच्या बस लागतात, होहेनश्वानगाऊ गाव तिथून ४ किलोमीटर, दहा मिनिटं. बायर्न-टिकेट त्या बसला चालतं. गाडीतले सगळे एकदम बसकडे धावतात, तुम्ही धावू नका. पहिली बस भरून गेली तर पुढची धरा. ही पंधरा-वीस मिनिटं हिशेबात आधीच घेतलेली असू द्या. म्हणजे पाऊण वाजता गावात. तिथे स्वच्छतागृह, थोडं खाणं, मग वर जायची सोय. म्हणून वाड्यातली वेळ अडीचची घ्या, अगदीच नसेल तर पावणेतीनची. दीडची घेऊ नका.

एवढी मोकळीक कशाला, असं वाटेल. बीसेनहोफेनपासून फ्युसेनपर्यंतचा मार्ग एकेरी आहे. समोरून येणारी गाडी उशिरा आली की तुमची गाडी मधल्या स्टेशनात तिची वाट बघत थांबते. म्हणजे दुसऱ्या गाडीचा उशीर तुमच्या माथी येतो. काही मिनिटांचा उशीर तर गृहीतच धरा. आणि वाड्याच्या फाटकावर कुणाची गाडी उशिरा आली याचा विचार होत नाही. फलकावर गटाचा क्रमांक लागतो, त्याच वेळेत तुमचं तिकीट फाटक उघडतं. तो क्रमांक पुढे सरकला की तिकीट गेलं. रेल्वे त्याचे पैसे देत नाही. अडीचची वेळ घेतली तर एक अख्खी गाडी चुकली तरी पोचण्याची शक्यता राहते, आणि मोकळीक ठेवायची ती याच मापानं. उशीर फार वाढतोय असं गाडीतच कळलं, तर वेळ टळून जाण्याआधी तिकीट सेंटरला फोन करा. वेळ बदलून मिळेलच असं नाही, पण नंतर तर काहीच होत नाही.

म्युनिकच्या मुख्य स्टेशनावर एक खबरदारी घ्या. फ्युसेनची गाडी बहुधा २७ ते ३६ या फलाटांवरून सुटते. हे फलाट मुख्य दालनापासून बाजूला आणि खूप मागे आहेत, शिवाय स्टेशनाचं बांधकाम वर्षानुवर्षं सुरू असल्यानं वाट वळशाची आहे. यू-बानमधून वर आल्यावर तुमच्या चालीनं सहा-सात मिनिटं लागली तर बाबांच्या चालीनं बारा-पंधरा धरा. गाडी सुटायच्या पंचवीस मिनिटं आधी स्टेशनात असा. डब्यात शिरण्याआधी दारावरच्या पाटीवर 'फ्युसेन' आहे का ते वाचा. या भागात एकाच गाडीचे दोन तुकडे होऊन ते वेगवेगळ्या दिशांना जातात, असा प्रकार बऱ्याच मार्गांवर आहे. जाताना डाव्या बाजूला बसा. मार्क्टओबरडॉर्फनंतर डोंगर समोर येऊ लागतात आणि फ्युसेनजवळ हवा स्वच्छ असेल तर वाड्याचे पांढरे मनोरे डावीकडे डोंगराच्या कुशीत दिसतात. आईला ते आधी सांगू नका, नातवाला दाखवू द्या.

गावातून वाड्यापर्यंत जायचे तीन मार्ग. पायी चढण तीस-चाळीस मिनिटांची आहे. रस्ता डांबरी पण सतत चढता. दुसरा मार्ग शटल बसचा. ती वाड्याच्याही वर, मारिएनब्र्युके पुलाजवळ सोडते आणि तिथून वाड्याकडे तीव्र उतार आहे, दहा-पंधरा मिनिटांचा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चढापेक्षा उतार जास्त छळतो, त्यामुळे बस ऐकायला सोयीची वाटली तरी बाबांसाठी ती नको. तिसरा मार्ग घोडागाडीचा. ती वाड्याच्या थोडं खाली सोडते, तिथून पाच-दहा मिनिटांची चढण उरते, ती बाबांना हळूहळू जमेल. घोडागाडीचं आरक्षण नसतं, रांग असते, कधी अर्धा तास. पैसे गाडीवानाला रोख द्यायचे, सुट्या युरोंसह. उतरताना भाडं कमी असतं. येतानाही घोडागाडीच घ्या, "आता काय, उतारच आहे" म्हणून बाबांना चालवत आणू नका. बायर्न-टिकेट शटल बसलाही चालत नाही आणि घोडागाडीलाही नाही.

पूल मात्र चुकवू नका. पोलाट दरीवर सुमारे ९० मीटर उंचीवर तो टांगल्यासारखा उभा आहे, आणि पोस्टकार्डावर वाडा दिसतो तो इथूनच. पायाखाली लाकडी फळ्या, त्यांच्या फटींतून खालचं पाणी दिसतं. उंचीची भीती असणाऱ्याला तिथे त्रास होतो, आणि दुपारी पुलावर शिरायलाच रांग लागते. वाडा बघून झाल्यावर, चारच्या सुमारास तुम्ही दोघं, आई आणि मुलगा जाऊन या, बाबांपाशी एकानं थांबायचं की नाही ते त्यांनाच विचारा. हिवाळ्यात बर्फ पडला की तो बंद असतो, मे अखेरीस ती काळजी नाही.

आत छायाचित्रं काढता येत नाहीत. मोठी पाठपिशवी आणि बाळगाडी आत नेता येत नाही, म्हणून एका छोट्या पिशवीत सगळं बसवा. मार्गदर्शकासह फेरी इंग्रजी किंवा जर्मनमधून असते. आई-बाबांना इंग्रजी भरभर कळत नसेल तर आदल्या रात्री घरी त्यांना मराठीत राजाची गोष्ट सांगून ठेवा. आत गेल्यावर कुजबुजत भाषांतर करत बसलात तर तुमचंही निसटतं आणि त्यांचंही.

खाण्याचं म्हणाल तर डबा न्या. प्रादेशिक गाडीत खायला आडकाठी नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, काकडी असं काही. रस्सेदार नको, टेबलं बोटभर रुंद असतात. गावात शाकाहारी म्हटलं की चीज घातलेले श्पेट्झले (नूडल्ससारखा प्रकार), ब्रेझेल (पिळाचा खारा पाव) आणि बटाट्याचे प्रकार, आणि भाव पर्यटनस्थळाचे. श्पेट्झलेवर कांदा तळून घालतात, आईची कांदा-लसणीची काही बंधनं असतील तर आधी विचारा. रविवारी जर्मनीत किराणा दुकानं बंद असतात, त्यामुळे 'तिथे घेऊ' यावर विसंबू नका. घरून नळाचं पाणी भरून घ्या, ते बिनधोक पिण्याजोगं असतं.

परतीला पाच-सव्वापाचला गावातून बस धरा. फ्युसेनला उतरल्यावर गाडीला तासभर असेल तर जुन्या गावात जा, स्टेशनपासून पाच-सात मिनिटं, सपाट रस्ता. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांचं हे गाव, ल्यूट बनवणाऱ्यांचा संघ इथे १५६२ मध्ये स्थापन झाला. बाबांना संगीताची आवड असेल तर ही गोष्ट त्यांना वाड्यापेक्षा जास्त लक्षात राहील. गाडी इथूनच सुटते, म्हणून पंधरा मिनिटं आधी फलाटावर या म्हणजे पाचही जणांना बसायला जागा मिळेल. परतीसाठी शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका, तिच्या आधीची किमान एक हातात असू द्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी ॲपमध्ये तोच प्रवास तपासा. रुळांचं काम असेल तर गाडीच्या जागी बदली बस चालवतात आणि वेळ अर्ध्या-पाऊण तासानं वाढते. तसं दिसलं तर त्या दिवशी ९ ची अट सांभाळत बसू नका. आई-बाबांसाठी आणि मुलासाठी त्या गाडीचं ९ नंतरच्या पहिल्या थांब्यापर्यंतचं साधं तिकीट काढून आधीची गाडी धरा, बायर्न-टिकेट त्या थांब्यापासून पुढे चालतं. ही दोन्ही तिकिटं बाबांच्या एकाच पाकिटात, पासपोर्टबरोबर ठेवा.